मक्याचं जहाज आणि नगरची लेकरं

आमच्या घरात एक नाव होतं, ते घ्यायला कोणी मनाई केली नव्हती, पण घेतही कोणी नसे. बाबू. माझ्या आजोबांचा हा थोरला भाऊ. आजोबांनी स्वतः त्याला कधी पाहिलं नव्हतं. ते जन्मायच्या काही वर्षं आधी, १९०० सालच्या उन्हाळ्यात, माझ्या पणजीनं सहा वर्षांच्या बाबूला दुष्काळी पोरं सांभाळणाऱ्या एका आश्रमाच्या माणसाच्या हवाली केलं होतं.

ही हकिकत मला दादीनं सांगितली. ती तिनं तिच्या सासूकडून, म्हणजे पणजीकडूनच ऐकलेली. आम्ही मूळचे पाथर्डीकडचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा घरचा धंदा. पाऊस पडला नाही की कापूस नाही, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हटल्यावर नवी गादी कोण भरून घेतो? त्या वर्षी पिंजणाची तात महिनोन्‌महिने वाजली नाही, असं दादी सांगायची. पणजोबा खडी फोडायच्या कामावर गेले आणि तिथेच पटकीनं गेले. पणजी दोन लेकरं घेऊन नगरच्या रस्त्याला लागली. धाकटी वाटेत गेली. उरला बाबू.

आश्रम कोणता, हे पणजीला सांगता येत नव्हतं. तिच्या लेखी सगळे ‘मिशनवाले’. त्या काळी नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन होतं, इंग्रजांचं एस.पी.जी. मिशन होतं, कॅथलिक पाद्री होते. त्यांतलं कोणतं, की आणखी चौथंच कोणी, आम्हाला आजवर कळलेलं नाही. दादी ही गोष्ट सांगताना दर वेळी एकाच वाक्यावर थांबायची, आमच्या घरच्या दखनी बोलीत : “पोरगा जगला तो बस, इतनाच बोली वो.”

मी कविता लिहिणारा माणूस. इतिहास विषय बी.ए.ला होता, तेवढीच त्याची आणि माझी ओळख. पण या बाबूपायी मी त्या दुष्काळाची जुनी पुस्तकं आणि अहवाल वाचत गेलो. सातासमुद्रापलीकडून आलेली माणसं आपल्या नगरच्या उपाशी पोरांजवळ बसली, त्यांचं काय झालं आणि पोरांचं काय झालं, हे मला समजून घ्यायचं होतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या कागदांत ते अहमदनगर आहे आणि आम्हा बोलणाऱ्यांच्या तोंडी नुसतं नगर.

१८९९ सालचा पाऊस फसला. गुजरात-राजस्थानात या दुष्काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. आपल्याकडे तो एकटा आला नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि १८९६ पासून प्लेग ठाण मांडून बसला होता. घरात साठवलेलं, मोडीत काढण्याजोगं, गहाण टाकण्याजोगं जे काही होतं ते आधीच संपलेलं. त्यात या वेळी चाराही नव्हता. गुरं आधी गेली, मग माणसं. धान्य देशात होतं, १८७८ पासून दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून जात होती, त्यामुळे ते इथवर येऊही शकत होतं. पण बाजारात आलेलं धान्य घ्यायला मजुराच्या कनवटीला दमडी नव्हती. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ८९ हजार होती, ती १९०१ ला सुमारे ८ लाख ३८ हजारांवर आली. वाढायची ती लोकसंख्या दहा वर्षांत पन्नास हजारांनी घटली. त्यात मेलेले किती आणि पोट घेऊन दुसरीकडे गेलेले किती, हे आकडा सांगत नाही.

सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. खडी फोडा, तलाव खणा, आणि संध्याकाळी मजुरी घ्या. १९०० च्या उन्हाळ्यात या कामांवरच्या छावण्यांत पटकी शिरली. आईबाप मेले आणि पोरं उरली, असं त्या काळातलं कितीतरी घरांचं चित्र आहे. उरलेलं पोर खडी कशी फोडणार?

अमेरिकन मिशनची माणसं दुष्काळ पडला म्हणून नगरला आलेली नव्हती. ती १८३१ पासून इथे होती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम, ज्यांच्या नावाचं ह्यूम मेमोरियल चर्च नगरकरांना ठाऊक आहे, ते जन्मलेच मुंबईत, १८४७ साली. त्यांचे वडीलही मुंबईत मिशनरी होते. शिक्षण अमेरिकेत, येल विद्यापीठात झालं आणि पुन्हा इकडे येऊन ते नगरला राहिले. दुष्काळ आला तेव्हा त्यांची पंचविशी नगरमध्येच उलटली होती. डॉ. ज्युलिया बिसेल ही डॉक्टरबाईही अशीच. तिचे आईवडील याच मिशनमधले. म्हणजे कागदावर अमेरिकन असलेली ही माणसं बाजारात मराठीत भाव करणारी होती. पोरगं कण्हत ‘माय’ म्हणालं तर त्यांना दुभाष्या लागत नव्हता.

पण पैसा तर इथे नव्हता, तो तिकडून यायचा होता. न्यूयॉर्कला लुई क्लॉप्श नावाचे एक गृहस्थ ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे साप्ताहिक चालवीत. त्यांनी हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी वाचकांकडे मदत मागितली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी, शाळकरी मुलांनी, बायकांनी पैसे पाठवले. त्यातून मका विकत घेतला गेला. ‘क्विटो’ नावाच्या जहाजाचं भाडं अमेरिकेच्या सरकारनं भरलं, आणि १० मे १९०० रोजी दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे ५००० टन मका घेऊन ते न्यूयॉर्कहून मुंबईला निघालं. मुंबईत वाटपासाठी निरनिराळ्या मिशनची मिळून एक समिती झाली आणि तिचं कामकाज ह्यूमसाहेबांच्या अंगावर आलं. त्या कामासाठी त्यांना पुढे सरकारनं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं.

आता आपल्या बायकांनी तो मका पाहिला असेल तेव्हा काय म्हटलं असेल? नगरचा माणूस बाजरी-ज्वारीचा. कणीस ओलं असताना भाजून खायचं, एवढीच मक्याशी त्याची सोयरीक. पिवळ्याजर्द कडक दाण्याचं पोतंच्या पोतं समोर आलं, ते जात्यावर दळायचं कसं, त्याची भाकरी थापायची कशी, थापली तर ती परतायची कशी! मला हे नुसत्या तर्कानं सुचत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. तेव्हाही परदेशातून लाल मिलो आली होती आणि दुष्काळी कामांवर पोराबाळांना सुकडी वाटली जायची. माझी आई मिलोच्या भाकरीबद्दल जे बोलायची ते रेडिओवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तरी वर म्हणायची, “तू सुकडीवर वाढलास, विसरू नको.” दोन्ही एकाच श्वासात. मदत घेणाऱ्याच्या तोंडी ती चव असतेच.

मका पोटासाठी झाला. पोरांचं पुढे काय? त्यासाठी ‘हेरल्ड’नं वाचकांपुढे एक हिशेब मांडला होता : वर्षाला १५ डॉलर द्या, एक मूल सांभाळलं जाईल. त्या वेळी डॉलरला साधारण तीन रुपये पडत. म्हणजे वर्षाचे पंचेचाळीस रुपये, महिन्याचे चारही नाहीत. एवढ्यात एका पोराचं खाणं, कापड आणि शाळा. अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातलं कुटुंब असं एक मूल ‘घेई’. हाडांचे सापळे झालेल्या पोरांचे फोटो तिकडच्या मासिकांतून छापून येत. ते फोटो मी पाहिले आहेत. पाहताना प्रत्येक चेहऱ्यावर मी बाबूला शोधलं, हे उघड आहे. त्यांच्याखाली क्वचितच कोणा पोराचं नाव असतं.

उपाशी पोराला वाचवणं म्हणजे त्याला पोटभर जेवू घालणं नव्हे, हे त्या माणसांना पहिल्याच काही दिवसांत शिकावं लागलं असणार. महिनोन्‌महिने रिकाम्या पोटाला एकदम भाकरी दिली तर पोर दगावतं. पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. रात्री उठून पुन्हा. तोंडात फोड, डोळे आलेले, अंगभर खरूज, आणि हगवण. आश्रमात आणल्यावरही कितीतरी पोरं गेली. हे काम ह्यूमसाहेब एकटे करीत नव्हते. पेज ढवळणाऱ्या, पोरांचं अंग धुणाऱ्या, उशाशी बसणाऱ्या बाया मराठी होत्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या, बहुतेक महार-मांग घरांतल्या. अहवालांत साहेबांची आणि मडमांची नावं दिसतात, या बायांची फारशी दिसत नाहीत. माझी तक्रार ह्यूमसाहेबांच्या पदकाविषयी नाही. त्या बायांची नावं कळली असती तर बरं झालं असतं, एवढंच.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आम्हा मराठीत लिहिणाऱ्यांच्या अभिमानाचा आहे. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार तेव्हा नगरलाच होता. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे दिवस माहीत आहेत. घरात परक्या पोरांची वर्दळ, प्लेगच्या छावणीतली सेवा, आणि स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्याशी चाललेलं त्यांचं भांडण. त्या काळच्या नगरची आतली बाजू आपल्याला कळते ती या बाईंमुळे. साहेबांच्या अहवालात ती नाही.

पोरं जगली, अंगानं भरली, आणि मग नवा प्रश्न आला. शेकडो पोरांना आयुष्यभर कोण पोसणार? तिकडचा दाता दोन वर्षं, चार वर्षं पैसे पाठवील, मग त्याला दुसरा दुष्काळ दिसेल, दुसरा देश दिसेल. म्हणून त्यांना हातात काम द्यायचं ठरलं. पारशी दानशूर सर दिनशा पेटीट यांच्या नावाची उद्योगशाळा मिशननं नगरला चालवली होती. तिथे सुतारकाम, धातूचं काम शिकवीत. मुलं सतरंज्या-गालिचे विणू लागली. आपल्या सीमेवरच्या शिरूरला घायपाताचा वाख काढण्याचं काम निघालं.

आणि इथेच मला सगळ्यात आवडलेला माणूस भेटतो : डी. सी. चर्चिल. इंग्लंडचा नव्हे, अमेरिकन. बोस्टनच्या नामांकित तंत्रशाळेत, एम.आय.टी.मध्ये शिकलेला इंजिनिअर. तिकडे कारखान्यात बक्कळ पगार मिळाला असता. तो दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत नगरला आला आणि पोरांना विणकाम शिकवू लागला. नगर-भिंगार हे जुनं विणकरांचं गाव. खड्डामागावर बसून एका हातानं धोटा फेकायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा, अशी चाल. गिरणीच्या कापडापुढे हा विणकर टिकत नव्हता. चर्चिलनं वाफेची गिरणी आणायचं म्हटलं नाही. हातानंच चालेल पण झपाट्यानं विणेल, आणि गावातल्या माणसाला दुरुस्त करता येईल, असा माग तयार करायला तो बसला. वर्षानुवर्षं बसला. त्यातून निघालेला ‘चर्चिल माग’ त्या काळी हिंदुस्थानभर चर्चेत होता. तो सगळीकडे पसरला नाही, पण तो भाग निराळा. दुष्काळी पोरासाठी करायचं काम म्हणून कोणी चॉकलेट आणतं, कोणी पाटी आणतं. या माणसानं पोर ज्या मागावर बसणार होतं तो मागच सुधारायला घेतला.

ह्यूमसाहेबांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन १९०३ मध्ये नगरला परतली. तिनं बायकामुलांसाठी जो दवाखाना उभा केला, तोच पुढे साल्व्हेशन आर्मीकडे जाऊन आपल्या सगळ्यांचं बूथ हॉस्पिटल झाला. २०२० च्या करोनात नगरकर तिथे कसे धावले ते सांगायला नको.

इथवर सगळं गोड झालं. आता जे बोलायचं ते जरा अवघड आहे, आणि माझ्यासारख्या माणसानं ते बोललं तर लोकांना त्यात दुसराच वास येतो. तरी बोलतो. पोरं आश्रमात गेली ती ख्रिस्ती झाली. सहा वर्षांच्या पोराला कोणी विचारून धर्म बदलत नाही, आणि खरं तर कोणी विचारून धर्म देतही नाही. पण त्याचं नाव बदललं, गाव सुटलं, आणि त्याला शोधत येणाऱ्या नातेवाइकांना वाट सापडेनाशी झाली. त्या काळीही यावर वादळ झालं. पंजाबात लाला लजपत राय यांनी अनाथ हिंदू मुलांसाठी चळवळ उभी केली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे याच विषयावर साक्ष दिली. लाहोरच्या अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लामनं मुसलमान यतीमांसाठी यतीमखाना चालवला होता.

नगरकडच्या आमच्या लोकांनी पाथर्डीच्या एका पिंजाऱ्याच्या पोरासाठी काय केलं? आमच्या घरच्या आठवणीत तरी काही नाही. यतीमाच्या डोक्यावरून हात फिरवायचं पुण्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. पणजी चालत गेली त्या साऱ्या वाटेवर तो हात कोणी फिरवला नाही. ज्यांनी फिरवला त्यांच्याशी हिशेब मांडताना माझी जीभ म्हणूनच अडखळते.

आपल्या माणसांनी काहीच केलं नाही असंही नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून हजारभर मुलांना जेवू घातलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८९७ ला मध्य प्रांतातून आणि १९०० ला गुजरातेतून शेकडो मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात ठेवल्या. हे केडगाव दौंडकडचं, नगरच्या वेशीवरचं नव्हे, नगरकर हमखास गफलत करतात. त्यांच्या हाताखाली मिनी अब्राम्स नावाची अमेरिकन बाई स्वतःचं मिशन सोडून येऊन राबली. एका मराठी बाईच्या हुकमतीखाली परदेशी बाई काम करते आहे, हे दृश्य तेव्हा विरळाच.

मी स्वतः एकदा अशा कामाला गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आम्ही कॉलेजची मुलं नगरहून धान्य आणि कपडे भरलेल्या ट्रकमध्ये बसून गेलो. मला मोठी कामं जमेनात. दगडांखालून माणसं काढताना माझे हात थरथरत. म्हणून मला एका तंबूत पोरांजवळ बसवलं. मी गाणी म्हणायचो, गोष्टी सांगायचो, चित्रं काढून घ्यायचो. प्रत्येक पोर घरच काढायचं. देशोदेशीची माणसंही तिथे येत-जात होती. चांगली माणसं होती. खाऊ आणत, पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढत, डोळे पुसत. बाराव्या दिवशी आमचा ट्रक निघाला. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी ट्रकजवळ येऊन म्हणाली, “सर, उद्या कोण येणार?” मला वाटलं, ती मला थांब म्हणते आहे. तसं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. उद्या गाणं कोण घेणार, त्याची तिला तयारी करायची होती. बारा दिवसांत तिनं तीन-चार ‘सर’ पाहिले होते.

मी परतलो, नोकरीला लागलो, किल्लारीवर कविता लिहिल्या. त्या छापून आल्या, त्यांचं कौतुक झालं. त्याच भूकंपातल्या बाराशेच्या आसपास मुलांना शांतिलाल मुथ्था आणि त्यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन वाघोलीत वर्षानुवर्षं शिकवलं. त्याविषयी वाचलं की माझ्या त्या कविता मला पुन्हा काढून पाहवत नाहीत.

म्हणून ह्यूमसाहेबांकडे, चर्चिलकडे पाहताना मला आधी दिसतं ते हे, की ते ट्रकमध्ये बसून परत गेले नाहीत. पोरांच्या आत्म्याचं काय करायचं याचा त्यांचा विचार मला पटत नाही. पण पोर सकाळी उठलं की तेच तोंड पुन्हा दिसायचं, पंधरा वर्षांनी लग्न ठरवतानाही तेच. आणि तरीही माझी पणजी आहेच. दोन्ही बाजू एका तराजूत घालायचा मी खूप प्रयत्न केला. काटा काही स्थिर होत नाही.

१९०० चा पाऊस उशिरा का होईना, पडला. पणजी दिवाळीनंतर बाबूला आणायला गेली. तिथे निराळीच माणसं होती. त्यांनी वही पाहिली, तिनं सांगितलेलं नाव त्यात नव्हतं. पुष्कळ पोरं दुसऱ्या गावी पाठवली आहेत, काही आजारात गेली, असं तिला सांगितलं. ती लिहिणं-वाचणं न जाणणारी बाई, वहीत काय पाहणार? परत आली. पुढे तिचा दुसरा निकाह झाला आणि माझे आजोबा जन्मले. पाथर्डीच्या बाजारात ती ख्रिस्ती वस्तीवरून आलेल्या पोरांच्या उजव्या कानाकडे पाहायची, असं दादी सांगे. बाबूच्या कानाची पाळी लहानपणी फाटलेली होती.

शब-ए-बारातला आमच्या घरी गेलेल्या माणसांच्या नावानं फातिहा होतो. वडीलधारा माणूस एकेक नाव घेतो. पणजी असेपर्यंत त्यात बाबूचं नाव घेतलं गेलं नाही. मेलेला कोणी पाहिलाय, असं तिचं म्हणणं. ती गेल्यावर दादीनंही घेऊ दिलं नाही. दादीही गेली. १९९६ साली, मला वाटतं पहिल्यांदाच, माझ्या वडिलांनी यादीच्या शेवटी थांबून मला विचारलं, “तो असता तर आता केवढा असता रे?” मी म्हटलं, एकशे दोन वर्षांचा. ते थोडा वेळ बोटं मोजत बसले, आणि मग त्यांनी नाव घेतलं.